मसावि काढायचाय? आधी दोन संख्यांमधला फरक बघा

मसावि म्हटलं की बहुतेकांना शाळेतली ती उभी रेघ आठवते, डावीकडे २, ३, ५ असं लिहीत जायचं, उजवीकडे आकडे छोटे छोटे होत जायचे आणि शेवटी नेमकं काय गुणायचं, फक्त डावीकडचे की खाली उरलेले पण, यात हमखास गोंधळ. सध्या भाचीला हेच शिकवतोय आणि शिकवता शिकवता लक्षात आलं की पद्धती दोन-तीन तिला पाठ आहेत, पण त्या सगळ्यांच्या खाली जी एक साधी गोष्ट आहे ती तिला माहीतच नव्हती. ती अशी की, दोन संख्यांना ज्या आकड्याने पूर्ण भाग जातो त्याच आकड्याने त्या दोघींच्या फरकालाही पूर्ण भाग जातो. ही एक गोष्ट डोक्यात बसली की मसावि सोपा होतो, खरंच सोपा होतो, म्हणून सगळं इथे सविस्तर लिहितोय.

आधी मसावि म्हणजे काय ते पटकन. महत्तम सामाईक विभाजक. उलटीकडून वाचा म्हणजे जास्त कळतं: विभाजक म्हणजे ज्याने निःशेष भाग जातो तो, सामाईक म्हणजे दोन्ही संख्यांना चालणारा, महत्तम म्हणजे अशांमधला सगळ्यात मोठा. १ तर प्रत्येकीला चालतोच, त्यामुळे मसावि नाही असं कधी होत नाही, फार तर तो १ येतो आणि मग त्या संख्यांना सहमूळ म्हणतात.

आता ८४ आणि ६० घेऊ. सगळ्यात साधी पद्धत म्हणजे दोघींचे विभाजक लिहून काढायचे. विभाजक एकेक आठवत बसू नका, जोड्यांनी लिहा, ६० साठी १×६०, २×३०, ३×२०, ४×१५, ५×१२, ६×१०, आणि इथे थांबायचं कारण ७ ने भाग जात नाही आणि ८×८ म्हणजे ६४, ते ६० च्या पुढे गेलं, आता नवीन जोडी मिळणारच नाही. जोड्यांनी लिहिलं की एखादा सुटत नाही. ८४ चे तसेच १×८४, २×४२, ३×२८, ४×२१, ६×१४, ७×१२. दोन्हीकडे असलेले १, २, ३, ४, ६, १२. सगळ्यात मोठा १२, झाला मसावि.

पण खरं सांगायचं तर एवढं लिहायची गरजच नव्हती. ८४ मधून ६० गेले, उरले २४. मघाशी म्हटलं तसं दोघींना भागणारा आकडा २४ ला पण भागलाच पाहिजे, म्हणजे मसावि हा २४ च्या विभाजकांपैकीच कोणीतरी आहे! मग फक्त २४ चे विभाजक वरून खाली तपासा: २४ ने ६० ला भाग जातो का, नाही. १२ ने जातो का, हो, ८४ ला पण जातो. संपलं. छोट्या संख्यांसाठी मी आता हेच करतो, तोंडी होतं.

हे असं का होतं तेही बघून घ्या. समजा दोन्ही संख्या १२-१२ च्या गठ्ठ्यांनी बनल्यात, एकीत ७ गठ्ठे, दुसरीत ५ गठ्ठे. ७ गठ्ठ्यांतून ५ गठ्ठे काढले तर २ गठ्ठे उरणार, अर्धवट गठ्ठा कुठून येईल? म्हणून फरक सुद्धा १२ च्या पटीतच.

आता शाळेत सगळ्यात जास्त चालणारी मूळ अवयव पद्धत. ५४० आणि ५०४ घेऊ. ५४० म्हणजे २×२×३×३×३×५, आणि ५०४ म्हणजे २×२×२×३×३×७. दोन्हीकडे जे आहे तेवढंच उचलायचं. एकीकडे २ दोनदा आहे, दुसरीकडे तीनदा, तर दोनदाच घ्यायचा कारण तिसरा २ पहिलीकडे नाहीच. ३ एकीकडे तीनदा, दुसरीकडे दोनदा, घ्यायचा दोनदा. ५ आणि ७ एकेकीकडेच आहेत, सोडून द्या. २×२×३×३ म्हणजे ३६. पोरं इथे जी चूक करतात ती नेहमी तीच, जास्त वेळा असलेला अवयव घेतात, म्हणजे २ तीनदा आणि ३ तीनदा, तो लसाविचा (लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे दोघींनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या) नियम आहे, मसाविचा नाही. नियम पाठ करू नका, स्वतःला विचारा की हा अवयव दोघींकडे आहे का.

उभ्या मांडणीत हेच थोडं आटोपशीर होतं. ५४० आणि ५०४ शेजारी शेजारी लिहा, दोघींना २ ने भागा, २७० आणि २५२, परत २ ने, १३५ आणि १२६, आता ३ ने, ४५ आणि ४२, परत ३ ने, १५ आणि १४. आता १५ आणि १४ दोघींना एकाच वेळी भागणारं काही नाही, थांबा. फक्त डावीकडचे गुणा, २×२×३×३ = ३६. खाली उरलेले १५ आणि १४ मसाविसाठी गुणायचे नाहीत, डावीकडच्यांबरोबर ते पण गुणले की लसावि येतो. आणि मसावि काढताना एकीलाच भाग जात असेल तर भागायचं नाही, दोघींना गेला तरच. भाचीच्या वहीत १५ आणि १४ च्या खाली परत २ ने भागून १५ आणि ७ लिहिलं होतं आणि उत्तर ७२ आलं होतं, ७२ ने ५४० ला भागून बघ म्हटल्यावर तिचं तिलाच कळलं, कारण ७२×७ झाले ५०४ आणि ३६ उरले.

बरं आता फरक बघा. ५४० वजा ५०४ किती? ३६. आणि ५०४ ला ३६ ने भाग जातो, बरोबर १४ वेळा. म्हणजे उत्तर एका वजाबाकीत समोर होतं! प्रत्येक वेळी फरकच मसावि असतो असं अजिबात नाही हं, ८४ आणि ६० ला तो २४ होता आणि मसावि १२. पण फरक हा मसाविच्या पटीत असतोच, म्हणून पहिला डोळा तिथे गेला पाहिजे.

आता खरी मजा, मोठ्या आणि चिवट संख्या. २०२१ आणि १७६३. यांचे मूळ अवयव काढायला बसा, २ ने नाही, ३ ने नाही, ५, ७, ११, १३ काहीच लागत नाही, माणूस वैतागतो आणि मसावि १ असं लिहून मोकळा होतो. इथे भागाकार पद्धत वापरायची आणि ती म्हणजे दुसरं काही नाही, तोच फरक काढत राहणं. मोठीला लहानीने भागा, बाकी बघा. मग लहानीला त्या बाकीने भागा. मग त्या बाकीला नव्या बाकीने. बाकी शून्य आली की थांबा, ज्याने शेवटी भागलं तो मसावि.

२०२१ ÷ १७६३, भाग १ वेळा, बाकी २५८
१७६३ ÷ २५८, भाग ६ वेळा, बाकी २१५
२५८ ÷ २१५, भाग १ वेळा, बाकी ४३
२१५ ÷ ४३, भाग ५ वेळा, बाकी ०

मसावि ४३. चार ओळी. २०२१ म्हणजे ४३×४७ आणि १७६३ म्हणजे ४१×४३, हे अवयव शोधायला किती वेळ गेला असता विचार करा, आणि या पद्धतीत एकही अवयव शोधावा लागला नाही. १७६३/२०२१ असा अपूर्णांक असेल तर तो आता ४१/४७ झाला.

शेवटी उत्तर कुठलं घ्यायचं यात लोक अडकतात. शेवटचा भागाकार ५ आहे तो नाही, बाकी ० ती पण नाही, शेवटचा भाजक, ४३. दुसऱ्या शब्दात शून्याच्या आधीची बाकी. आणि कॅल्क्युलेटर वापरत असाल तर एक जपा, १७६३ ÷ २५८ केलं की ६.८३३ असं काहीतरी येतं, ते .८३३ म्हणजे बाकी नाही. फक्त ६ उचला, २५८×६ = १५४८ करा, १७६३ मधून वजा करा, २१५ ही बाकी. 

भागाकार म्हणजे फरकच कसा, तर १७६३ मधून २५८ एकदा काढले, मग परत काढले, असं सहा वेळा काढलं की २१५ उरतात, तेच भागाकाराने एका दमात होतं. प्रत्येक वजाबाकीनंतर सामाईक विभाजक तेच राहतात, एकही गळत नाही आणि एकही नवीन येत नाही, कारण फरक आणि लहान संख्या परत मिळवली की मोठी संख्या तयार होते, म्हणजे उलट्या दिशेने पण तेच लागू. संख्या छोट्या होत जातात आणि मसावि जागचा हलत नाही. मला तरी गणितातली ही सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

डोळ्यांनी बघायचं असेल तर कागद घ्या, ८.४ सेंमी लांब आणि ६ सेंमी रुंद, म्हणजे ८४ आणि ६० मिलिमीटर. त्यातून जमेल तेवढा मोठा चौरस कापा, तो ६० चा निघेल, उरेल ६० बाय २४ ची पट्टी. त्यातून २४ चे दोन चौरस, उरेल २४ बाय १२. त्यातून १२ चे दोन चौरस, आणि कागद संपला, काही उरलं नाही. शेवटचा चौरस १२ चा, तोच मसावि. अख्खा कागद एकाच मापाच्या चौरसांनी तंतोतंत भरायचा असेल आणि चौरसाची बाजू पूर्ण मिलिमीटरमध्येच हवी असेल तर सगळ्यात मोठा चौरस हाच, ७ बाय ५ असे ३५ चौरस बसतात. मुलांना शिकवत असाल तर हे एकदा कात्रीने करून दाखवाच, फळ्यावर दहा उदाहरणं सोडवण्यापेक्षा जास्त पोचतं.

ही पद्धत खूप जुनी आहे, इ.स.पूर्व ३०० च्या सुमाराला युक्लिडने लिहून ठेवलेली, म्हणून तिला युक्लिडची पद्धत म्हणतात, त्याने ती वजाबाकीच्या रूपातच मांडली होती. आपल्याकडे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये कुट्टक सांगितलं त्यातही असाच एकमेकांना भागत जाण्याचा प्रकार आहे, फक्त त्याला त्यातून समीकरणं सोडवायची होती. कुट्टक शब्दच कुटण्यावरून आलाय, मोठे आकडे कुटून कुटून बारीक करायचे, नाव इतकं चपखल आहे की पद्धत विसरायलाच नको. आणि १८४४ साली लामे या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं की लहान संख्येत जितके अंक असतील त्याच्या पाचपटीपेक्षा जास्त भागाकार कधीच करावे लागत नाहीत. दोन अंकी असेल तर जास्तीत जास्त दहा. ८९ आणि ५५ घेऊन बघा, बाक्या ३४, २१, १३, ८, ५, ३, २, १, ० अशा रेंगाळत येतात, नऊ भागाकार, आणि मसावि १. दोन्ही संख्या दोन अंकी असतील तर यापेक्षा वाईट जोडी मिळत नाही.

काही ठिकाणी तर काहीच करायचं नसतं. लहान संख्येने मोठीला भाग जात असेल तर लहान संख्याच मसावि. लागोपाठच्या दोन संख्या असतील तर फरक १, मसावि पण १. लागोपाठच्या सम संख्यांचा २, विषमांचा १. दोन वेगवेगळ्या मूळ संख्या असतील तर १. एक संख्या शून्य असेल तर दुसरी जी असेल तोच मसावि, कारण शून्याला शून्य सोडून कशानेही भाग जातो. तीन संख्या असतील तर दोघींचा काढा आणि आलेल्या उत्तराचा तिसरीबरोबर काढा, ५४०, ५०४ आणि ९० असतील तर आधी ३६, मग ३६ आणि ९० चा १८.

उत्तर बरोबर आलं का हे तपासायला मसाविने दोन्ही संख्यांना भागा. दोन्हीकडे पूर्ण भाग गेला पाहिजे, आणि आलेले भागाकार सहमूळ असले पाहिजेत. पहिली अट सगळे बघतात, दुसरी विसरतात. ५४० आणि ५०४ चा मसावि कोणी १२ काढला तर भाग दोन्हीकडे जातो, ४५ आणि ४२ येतात, पण त्यांच्यात अजून ३ लपलाय, म्हणजे काम अर्धवट राहिलं. ३६ ने १५ आणि १४ येतात, फरक १, आता काहीच लपलेलं नाही. आणि लसावि पण हवा असेल तर दोन संख्यांचा गुणाकार भागिले मसावि, ५४०×५०४ म्हणजे २७२१६०, भागिले ३६, लसावि ७५६०. हे फक्त दोन संख्यांना चालतं हं, तीनला लावू नका, २, ४, ६ चा मसावि २, लसावि १२, गुणले तर २४, आणि तिघींचा गुणाकार मात्र ४८.

वापर कुठे होतो असं भाचीने विचारलंच. अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देताना तर रोजच, पण मी तिला स्क्रीन दाखवली. १९२० बाय १०८० ची स्क्रीन १६:९ ची का म्हणतात? १९२० ÷ १०८० बाकी ८४०, १०८० ÷ ८४० बाकी २४०, ८४० ÷ २४० बाकी १२०, २४० ÷ १२० बाकी ०, मसावि १२०, दोघांना भागा, १६ आणि ९. मग तिने स्वतःहून १३६६ बाय ७६८ करायला घेतलं, ती पण १६:९ म्हणूनच विकतात ना. बाक्या आल्या ५९८, १७०, ८८, ८२, ६, ४, २, ०. मसावि नुसता २, गुणोत्तर ६८३:३८४. म्हणजे नेमकं १६:९ नाहीच ते, त्याच्या अगदी जवळचं आहे. तिने दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा २ च आला, आणि मग घरातल्या प्रत्येक स्क्रीनचे आकडे शोधायला पळाली.