काटा केव्हा चढतो, त्यावरून रोग ओळखा

मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा ४५च्या वर जातो आणि गाडी गरम झाली की खापर उन्हावर फुटतं. पण धडधाकट गाडी त्या उन्हातही इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध ठेवून चालते. म्हणून काटा चढला की आधी एवढंच आठवा: गाडी तेव्हा उभी होती की पळत होती?

उभी असताना चढतो आणि पळाली की उतरतो, तर हवा लागत नाहीये. एसी लावा, बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा लगेच सुरू होतो. नाही झाला तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज देणारा स्विच), मग पंख्याचा प्लग बघा, मोटर शेवटी. पट्ट्यावरचा पंखा असेल तर गरम इंजिन बंद करून पातं हातानं फिरवा. जड लागलं पाहिजे. भिंगरीसारखं फिरलं तर पंख्याला इंजिनाशी जोडणारं व्हिस्कस कपलिंग गेलं.

पंखा ठीक असेल तर रेडिएटरची जाळी बघा. सोयाबीन निघताना कुटार, जिनिंगच्या रांगेत रुई आणि पांदणीचा फुफाटा, सगळं तिथंच जातं. समोरून मात्र स्वच्छ दिसतं, कारण समोर असतो तो एसीचा कंडेन्सर. कचरा बसतो त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत, घोंगडीच्या तुकड्यासारखा. वरून टॉर्च मारल्याशिवाय तो दिसत नाही. इंजिन थंड झाल्यावर इंजिनाच्या बाजूनं पुढे साध्या नळीची धार मारा. वॉशिंगच्या प्रेशर गननं जाळीची पानं लोळतात, मग हवा कायमची अडते.

पळताना किंवा चढावर चढतो, तर पाणी नीट फिरत नाहीये. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं की आत क्षार धरतात. गाडी तापवून बंद करा, पंख्याचा प्लग काढा (काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा फिरतो) आणि रेडिएटरवरून सांभाळून हात फिरवा. मधेच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या. रेडिएटरचा वरचा पाईप चटके देतो, खालचा गारच, तर थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेचा, संशय धरा. तो काढून पातेल्यात पाण्यात उकळा. ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो, उकळत्या पाण्यातही मिटलेला राहिला तर बदला. तो काढून फेकण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण ऐकू नका. मग इंजिन नीट तापत नाही, ॲव्हरेज पडतं, झीज वाढते.

काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल. उन्हाळ्यात हे शिक्षेसारखं वाटतं, पण इंजिनाची उष्णता त्यातूनही बाहेर पडते. बाजूला घेऊन बंद करा. किमान अर्धा-पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका: आत दाब असल्यानं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, झाकण सैल होताच तोंडावर उसळतं. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो. नंतर भरताना कूलंट आणि बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं.

बाहेर कुठंच गळत नाही, तरी पाणी कमी होतं? सकाळी थंड इंजिन सुरू करून वरचा पाईप दाबा. मिनिटभरातच टणक झाला किंवा कूलंटच्या टाकीत सारखे बुडबुडे येत राहिले, तर बहुधा हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं. इंजिन ऑईल मोजायची पट्टी काढा. ऑईल दुधाळ दिसलं तर सेल मारू नका, गाडी टोचन करूनच न्या.