इलेक्ट्रिक गाडीचे टायर बदलताना रेंज कशी सांभाळावी

इलेक्ट्रिक गाडीचे पहिले टायर झिजल्यावर आपण नवे बसवून घरी येतो आणि चार दिवसांत लक्षात येते की पूर्ण चार्जवर मिळणारे अंतर पंधरा-वीस किलोमीटरने घटले आहे. माझ्या गाडीच्या बाबतीत हे झाले तेव्हा मला आधी बॅटरीचीच काळजी वाटली. बॅटरी उत्तम होती; बदलले होते ते फक्त टायर, आणि ते घेताना मी मापापलीकडे काहीही विचारले नव्हते. ही चूक टाळता येते, मात्र त्यासाठी दुकानात जाण्याआधी थोडी तयारी करावी लागते.

लांबचा प्रवास करून थांबल्यावर टायरच्या बाजूवर तळहात ठेवून पाहावा. ती चांगलीच गरम लागते. ही उष्णता बॅटरीतूनच आलेली असते. रस्त्याला टेकताना रबर दबते आणि सुटताना पूर्ववत होते, पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही. यालाच रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायरचा रोध, म्हणतात. ब्रेक लावताना रीजेनमुळे (मोटरच जनरेटरसारखी चालल्याने) काही ऊर्जा बॅटरीत परत येते, टायरमध्ये गेलेली कधीच येत नाही.

हा फरक किती असतो, याचा हिशेब घरीच करता येतो. माणसांसह १७०० किलोची गाडी धरली आणि टायरचा रोध दर टन वजनामागे १० किलो असला, तर एका किलोमीटरला सुमारे ४६ वॅट-तास नुसत्या टायरमध्ये खर्च होतात. रोध ८ किलो असला तर सुमारे ३७. गाडी एरवी किलोमीटरला १४० वॅट-तास घेत असेल, तर ३० युनिटच्या बॅटरीवर ती २१४ किलोमीटर जाते, आणि ९ वॅट-तास वाचले की तीच गाडी २२९ किलोमीटर जाते. मोठ्या वेगात हवेचा रोध वरचढ ठरत असल्याने द्रुतगती मार्गावर टायरचा वाटा तुलनेने कमी होतो. ४०-५०च्या संथ वेगात तोच ठळकपणे जाणवतो.

पहिले काम म्हणजे जुन्या टायरवरचे सगळे लिखाण वहीत उतरवून घेणे. २१५/६० आर १६ असे माप असेल, तर २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६० ही त्या रुंदीच्या टक्केवारीत बाजूची उंची आणि १६ हा रिमचा इंची व्यास. पुढचा आकडा भारक्षमतेचा असतो. ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलो, ९९ म्हणजे ७७५. बॅटरीमुळे गाडी जड असते, म्हणून नव्या टायरचा हा आकडा जुन्यापेक्षा कमी कधीही घेऊ नये. मॉडेलचे पूर्ण नावही लिहावे, कारण कारखान्यातून गाडीसोबत येणारा टायर आणि त्याच कंपनीचा बाजारात मिळणारा टायर यांचे रबर वेगळे असू शकते.

त्यानंतर प्रतवारी पाहावी. युरोपात १ मे २०२१ पासून लागू असलेल्या लेबलवर ए ते ई अशा पाच श्रेणी असतात. मोटारीच्या टायरसाठी दर टनामागे ६.५ किलोपर्यंत रोध असल्यास ए, ७.७ पर्यंत बी, ९ पर्यंत सी. आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकन आहे. दुकानात ही माहिती मिळाली नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावर ती शोधावी, आणि तिथेही नसेल तर मी तो टायर घेणार नाही.

मात्र केवळ रेंजच्या मागे लागू नये. ओल्या रस्त्यावरील पकड ही त्याच लेबलवरची दुसरी श्रेणी आहे आणि आषाढात ताम्हिणी किंवा आंबोली घाट उतरणाऱ्याला तीच जास्त महत्त्वाची आहे. पूर्वी रोध कमी करायचा म्हणजे पकड सोडायची असे समीकरण होते. मिशलिनने १९९२ मध्ये सिलिका मिसळलेल्या रबराचा टायर आणला तेव्हापासून दोन्ही बऱ्याच अंशी एकत्र मिळू लागले. दोन्ही श्रेणी चांगल्या असलेला टायर महाग पडतो, तरी तोच घ्यावा.

माप बदलण्याचा मोह टाळावा. त्याच रिमवर ६०च्या जागी ६५चा टायर बसवला, तर व्यास सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो आणि प्रत्यक्ष १०० किलोमीटर गेल्यावर मीटरवर जेमतेम ९७ दिसतात. उलट झिजलेल्या टायरचा घेर कमी झाल्याने मीटर १०० ला १०२ च्या आसपास दाखवत असतो, म्हणजे जुन्या रेंजमधले तीन-चार किलोमीटर मुळात कधी कापलेच गेले नव्हते. शिवाय नव्या टायरची जाड नक्षी जास्त दबते, त्यामुळे रोधही सुरुवातीला जास्तच असतो.

म्हणून पहिल्या हजार किलोमीटरनंतरच मोजमाप करावे. पहाटे टायर थंड असताना चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याइतकी हवा भरावी (तापमान १० अंशांनी उतरले की हवा साधारण दीड पीएसआयने कमी होते, त्यामुळे नाशिकच्या थंडीत ती पुन्हा तपासावी लागते). नायट्रोजन भरल्याने रेंज वाढत नाही. वाढते ती हवा योग्य ठेवल्याने. मग एकच रस्ता, एकच वेग आणि एसीची एकच स्थिती ठेवून जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर चालवावे, म्हणजे चढ-उताराचा परिणाम जवळजवळ फिटतो, आणि दर किलोमीटरचा खर्च लिहून ठेवावा. जुन्या टायरवर अशीच एक फेरी आधी केलेली असेल, तरच तुलना खरी होते.

खर्च तरीही खूपच जास्त आला, तर नक्षीवरून बोटे आडवी फिरवून पाहावीत, एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखी धार लागली, तर चाके किंचित तिरकी धावत आहेत. अशा वेळी टायरला दोष न देता आधी व्हील अलाइनमेंट करून घ्यावे आणि मग तीच फेरी पुन्हा मारावी.