आर्थिक कोंडीत अडकलेल्या स्त्रीला मदत कशी करावी

पगार स्वतःचा असूनही एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असणे, भाजी-दुधाच्या पैशांचा रोज रात्री हिशेब द्यावा लागणे, माहेरी जाण्यासाठी एसटीच्या तिकिटापुरतेही पैसे हातात नसणे, बचत गटाचे कर्ज तिच्या नावावर उचलायला लावून रक्कम मात्र दुसऱ्यानेच वापरणे, हे सारे आपल्याकडे ‘त्यांच्या घरातला प्रश्न’ म्हणून सोडून दिले जाते. कायद्याला मात्र हे मान्य नाही. 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू असलेला, 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम शारीरिक, लैंगिक आणि मानसिक छळाच्या बरोबरीने आर्थिक छळालाही हिंसाचारच ठरवतो. घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन अडवून ठेवणे, तिचा हक्क असलेली मालमत्ता परस्पर विकणे या गोष्टी त्यात स्पष्टपणे येतात. आपली बहीण, मैत्रीण, शेजारीण किंवा कार्यालयातील सहकारी अशा कोंडीत असल्याचे जाणवत असेल, तर पुढील क्रमाने मदत करता येते.

1. आधी ऐकून घ्यावे, नवऱ्याशी बोलायला जाऊ नये

चार वडीलधाऱ्यांना बोलावून बैठक बसवायची आणि जावयाला समजवायचे, ही आपली जुनी सवय आहे. अशा प्रसंगी ती बहुतेक वेळा अपाय करते. बायको बाहेर बोलली हे कळताच तिचा फोन काढून घेतला जातो, उरलेसुरले पैसेही बंद होतात आणि कागदपत्रे कुलूपबंद कपाटात जातात. म्हणून ती सांगत नाही तोवर माहेरच्यांनाही मध्ये घेऊ नये. तिच्याशी केव्हा बोलणे सुरक्षित आहे, तिचा फोन कोण तपासते, संदेश पाठवलेला चालेल की नाही, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. मारहाण होत असेल किंवा जिवाची भीती असेल, तर पैशांचा विषय बाजूला ठेवून 112 किंवा महिला हेल्पलाइन 181 वर संपर्क साधावा.

तिला लगेच रोख रक्कम देण्याचा मोह होतो. अडचणीच्या वेळी ती द्यावीच, पण घरी सापडली तर कोठून आली याचा जाब तिलाच द्यावा लागेल, हे लक्षात ठेवून ती कोठे ठेवायची हे तिलाच ठरवू द्यावे.

2. कागदपत्रांच्या प्रती घराबाहेर ठेवाव्यात

माझ्या मते सर्वांत मोलाची मदत हीच आहे, कारण पुढे बँकेत, पोलिस ठाण्यात आणि न्यायालयात प्रत्येक ठिकाणी कागदच मागितला जातो. आधार, पॅन, पासबुक, शिधापत्रिका, विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, विम्याच्या पॉलिसी, घराचा करार, तसेच नवऱ्याचे पगारपत्रक किंवा निदान तो कोठे नोकरी करतो याचा तपशील, यांपैकी जे मिळेल त्याची छायाप्रत किंवा छायाचित्र घेऊन ते विश्वासातील व्यक्तीकडे ठेवावे. तिच्या फोनमधील छायाचित्रे नवऱ्याच्या ताब्यातील खात्यात आपोआप साठत असतील, तर ती दुसऱ्याच्या फोनने काढावीत. शेतजमिनीचा सातबारा महाभूलेखच्या संकेतस्थळावर पाहता येतो, त्यामुळे तो घरात कोणाकडे मागण्याची गरज नसते.

दागिन्यांची यादी स्वतंत्र करावी. कोणता दागिना, अंदाजे किती तोळ्यांचा, कोणी दिला, आता कोणाकडे आहे, हे तिच्या आठवणीप्रमाणे एकेक करून लिहावे आणि त्यासोबत सराफाची पावती जोडावी. पावती नसेल तर ज्यात ते दागिने दिसतात अशी लग्नातली छायाचित्रे जोडावीत. गंठण किंवा पाटल्या सोनेतारणात ठेवल्या असतील, तर त्या कर्जाची पावती कोणाच्या नावावर आहे हेही टिपून ठेवावे. स्त्रीधनावर मालकी केवळ तिचीच असते आणि ते सासरी ठेवले म्हणून सासरचे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे.

3. तिच्या एकटीच्या ताब्यातील खाते उघडावे

नवऱ्याचे खाते नसलेल्या बँकेत किंवा टपाल कार्यालयात खाते उघडणे बरे. जन-धन खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. खरा अडसर मोबाइल क्रमांकाचा असतो. आधारशी नवऱ्याचा क्रमांक जोडलेला असेल, तर प्रत्येक ओटीपी त्याच्याच फोनवर जातो. हा क्रमांक आधार केंद्रात प्रत्यक्ष जाऊन बदलता येतो आणि त्यासाठी वेगळे कागदपत्र लागत नाही. मात्र ओटीपी येणे थांबले की त्याच्या ते ध्यानात येऊ शकते, त्यामुळे बदल केव्हा करायचा हे तिच्या सुरक्षिततेचा विचार करून तिनेच ठरवावे. बँकेचे पत्र आणि डेबिट कार्ड आधारवरील पत्त्यावर, म्हणजे बहुधा सासरीच, जाण्याची शक्यता असते. ते शाखेतूनच मिळेल का, हे खाते उघडतानाच विचारावे.

सरकारी योजनांच्या पैशांचीही अशीच काळजी घ्यावी लागते. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा 1500 रुपये आधार-संलग्न खात्यात जमा होतात, पण त्या खात्याचे पासबुक आणि कार्ड नवऱ्याकडे असेल तर ते पैसे तिला दिसतही नाहीत. नवीन खाते आधारशी संलग्न करण्याचा अर्ज बँकेत दिला की पुढील रक्कम तिकडे वळवता येते. नोकरदार स्त्रीने नवीन खाते क्रमांक थेट आपल्या कार्यालयाच्या लेखा विभागाकडे द्यावा. त्यासाठी नवऱ्याची संमती लागत नाही.

संयुक्त खात्यातून दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकत असेल, तर दोघांच्याही सहीशिवाय पैसे निघू नयेत अशी पद्धत लावता येईल का, याविषयी शाखेत लेखी विचारणा करावी.

4. तिच्या नावावर कोणती कर्जे आहेत ते पाहावे

पतमापन संस्थांकडून, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या संस्थांकडून, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात तिच्या नावावरची कर्जे दिसतात. ती जामीनदार किंवा सहकर्जदार असेल, तर वेगळे राहायला लागल्यावरही वसुली तिच्याकडे येऊ शकते, ही गोष्ट तिला आधीच सांगितलेली बरी. सही तिची नसेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी कळवावे, त्याची पोच घ्यावी आणि पोलिसांत तक्रार द्यावी. कोऱ्या धनादेशावर किंवा कोऱ्या मुद्रांकावर यापुढे सही करू नये.

5. कायद्याचा आधार घ्यावा

तक्रार करायची की नाही, हा निर्णय तिचा आहे. करायची ठरल्यास या कायद्याखाली नेमलेला जिल्ह्यातील संरक्षण अधिकारी, ‘सखी’ वन स्टॉप सेंटर हे पीडित स्त्रियांसाठीचे सरकारी मदत केंद्र, किंवा पोलिसांच्या आवारात चालणारा महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष यांपैकी कोठेही सुरुवात करता येते. हा कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांसह सुरू केला. वकिलाच्या शुल्काची चिंता नको, कारण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा 15100 वर फोन करावा.

2005 च्या अधिनियमानुसार न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायच्या अर्जात काय मागता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. दरमहा खर्चाची रक्कम, राहत्या घरातून न काढण्याचा आदेश आणि स्त्रीधनाची परतफेड तर मागता येतेच. शिवाय नवऱ्याला न्यायालयाच्या परवानगीशिवाय बँक लॉकर किंवा संयुक्त खाते वापरण्यास मनाई करण्याची आणि नवऱ्याच्या पगारातून रक्कम मालकाने थेट तिला देण्याचीही विनंती करता येते. अंतिम निकालाची वाट न पाहता अंतरिम आदेशही मिळू शकतो, म्हणून वकिलाला त्याविषयी आठवणीने सांगावे. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि उत्पन्नाचे शपथपत्र द्यावे लागते, असा सर्वोच्च न्यायालयाचा रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणातील 2020 चा निर्णय आहे. ‘माझे उत्पन्नच नाही’ असे नवरा म्हणत असेल, तर दुसऱ्या टप्प्यात जमवलेले कागद येथे उपयोगी पडतात.

हिंसाचार रोखण्यासाठी दिलेल्या संरक्षण आदेशाचा, मग तो अंतरिम असला तरी, भंग झाल्यास एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

6. तारखा सुरू झाल्यावर सोबत राहावे

प्रकरण महिनोन्‌महिने चालते आणि मदत करणारे मधेच पांगतात. तारखेच्या दिवशी मुलांना सांभाळणे, न्यायालयापर्यंत जाण्याचे भाडे, कामावरून रजा मिळावी म्हणून तिच्या वरिष्ठांशी तिच्या संमतीने बोलणे, अशा मदतीची गरज तेव्हा भासते. ती मधल्या काळात सासरी परत गेली तरी तिला बोल लावू नये आणि तिच्या कागदांचा संच आपल्याकडे तसाच जपून ठेवावा, कारण पुन्हा बाहेर पडण्याची वेळ आली तर तिला तोच लागेल.