अमेरिकेनं पलटी मारली की तिच्या दोस्त देशांचं काय होणार, हे बातमीवरून कसं ओळखायचं

आमचं ऑफिस सीबीडी बेलापूरला, काम कस्टम क्लिअरन्सचं, म्हणजे दिवसभर शिपिंग बिलं आणि न्हावाशेवाच्या गेटवर कुणाचा कंटेनर का अडकलाय ते बघायचं. वॉशिंग्टनमध्ये कुणी काही बोललं की इकडं गिऱ्हाइकांचे फोन सुरू, "साहेब, आता काय?" २०२५ पासून तर विचारूच नका. म्हणून अशी बातमी मी कशी वाचतो ते एकदा लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे भाषण सोडा, कागद कुठला आहे ते बघा. नुसत्या राष्ट्राध्यक्षाच्या सहीवर चाललेली गोष्ट पुढचा राष्ट्राध्यक्ष एका सहीत मोडतो. इराणबरोबरचा २०१५ चा अणुकरार अमेरिकी संसदेच्या सिनेटनं मंजूर केलेला तह नव्हताच, मे २०१८ मध्ये ट्रम्प बाहेर पडले, ब्रिटन-फ्रान्स-जर्मनी नको नको म्हणत राहिले आणि वर्षभरात अमेरिकी निर्बंधांपायी आपल्यालासुद्धा इराणचं तेल बंद करावं लागलं. टीपीपी या प्रशांत महासागराभोवतीच्या देशांच्या व्यापार कराराचं तेच, सही झालेली पण काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मंजुरी नाही, २३ जानेवारी २०१७ ला विषय संपला. आता कुणी म्हणेल तह असला की झालं, तर तसंही नाही हां. तैवानबरोबर १९५४ चा पक्का संरक्षण तह होता, राष्ट्राध्यक्ष कार्टरनी एक वर्षाची नोटीस दिली आणि १९८० उजाडताच तो रद्द. पण १९७९ मध्येच काँग्रेसनं तैवानसाठी वेगळा कायदा करून शस्त्रविक्री चालू ठेवली होती, म्हणून तैवान टिकलं. दक्षिण व्हिएतनामचं बरोबर उलटं झालं, राष्ट्राध्यक्ष निक्सनची खाजगी पत्रातली आश्वासनं होती पण काँग्रेसनं मदतीचे पैसे कापले आणि ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं. त्यामुळे मी आधी बघतो की त्या देशाच्या बाजूनं काँग्रेसमध्ये कोण उभं आहे.

दुसरं, बोलणी चालू असताना दोस्ताला खोलीत बसवलं होतं का? माझ्या मते हा सगळ्यात भरवशाचा इशारा. फेब्रुवारी २०२० ला दोह्यात अमेरिकेनं तालिबानशी करार केला, त्यात काबूलचं सरकार नव्हतंच. पुढं १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हातात गेलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. १९७१ मध्ये निक्सन चीनला जाणार हे जपानला जाहीर घोषणेच्या जेमतेम काही मिनिटं आधी कळलं, आणि महिन्याभरात डॉलर-सोनं नातं तोडून आयातीवर १० टक्के जादा कर लावला तो वेगळाच. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियानं अमेरिका-ब्रिटनशी ऑकस हा संरक्षण करार केला तेव्हा फ्रान्सचं पाणबुड्यांचं कंत्राट गेलं, फ्रान्सनं चिडून वॉशिंग्टनहून राजदूतच परत बोलावला. बातमीत "मित्रदेशांना विश्वासात घेतलं" असं वाक्य आलं तर कधी घेतलं, आधी की नंतर, एवढं शोधा.

तिसरं, मदत चालू-बंद करायचं बटण कुणाच्या हातात आहे. पाकिस्तानचं उदाहरण बघा. सोव्हिएत फौज अफगाणिस्तानातून गेली, गरज संपली, १९९० मध्ये प्रेसलर दुरुस्तीखाली, म्हणजे पाकिस्तानच्या अणुबॉम्बपायी मदत रोखणाऱ्या अमेरिकी कायद्याखाली, मदत बंद, आणि पैसे भरलेली एफ-१६ विमानं अमेरिकेतच पडून राहिली. पैसे मिळायला १९९८ उजाडलं, तेही काही रोख आणि काही गव्हासारख्या मालाच्या रूपात. विमानं मागितली आणि गहू मिळाला. मार्च २०२५ मध्ये युक्रेनची शस्त्रं आणि गुप्त माहिती दोन्ही काही दिवस थांबवली, ती लगेच परत सुरू झाली खरी, पण बटण कुठं आहे ते सगळ्या युरोपला दिसलं.

चौथं आमच्या धंद्यातलं, तारीख पूर्ण वाचा. ६ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानं भारतावर रशियन तेलापायी आणखी २५ टक्के आयात कर लागला, एकूण ५०. आदेशात लिहिलेलं की तिकडं २७ ऑगस्ट लागताना रात्री १२:०१ च्या आत, म्हणजे आपल्याकडं २७ च्या सकाळी ९:३१ च्या आत, माल जहाजावर चढलेला असेल तर सूट. सगळ्यांनी एवढंच वाचलं आणि कटऑफ गाठायला ट्रेलर पळवले. पण त्याच वाक्यात पुढं होतं की माल १७ सप्टेंबरच्या आत तिकडं क्लिअरसुद्धा व्हायला हवा. न्हावाशेवाहून न्यूयॉर्कला तीन आठवड्यांत जहाज पोचतंय कुठं? शेवटच्या दिवशी लोड केलेल्याला त्या सवलतीचा उपयोग शून्य.

आणि घोषणा झाली म्हणजे ती झालीच असंही धरू नका, कार्टरनी १९७७ ला दक्षिण कोरियातून पायदळ काढायचं ठरवलं आणि १९७९ ला गुंडाळून ठेवलं.

पण खरं कळतं ते दोस्त नंतर काय करतो त्यावरून, त्यामुळे पुढचे सहा महिने त्याच देशाच्या बातम्या वाचा, अमेरिकेच्या नाही. १९५६ ला सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर चाल केलेल्या ब्रिटन आणि फ्रान्स दोघांनाही राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी माघार घ्यायला लावली, फटका एकच, धडे वेगळे. ब्रिटननं ठरवलं की यापुढं अमेरिकेला सोडून काही करायचं नाही. फ्रान्सनं १९६० ला स्वतःचा अणुबॉम्ब फोडला आणि १९६६ ला नाटोच्या लष्करी कमांडमधून बाहेर, परत आला तो थेट २००९ ला. टीपीपीतले उरलेले अकरा देश रडत बसले नाहीत, जपाननं पुढाकार घेऊन अमेरिकेशिवाय करार केला. मार्च २०२५ मध्ये जर्मनीनं संरक्षणासाठी कर्जाची मर्यादा सैल करायला राज्यघटना बदलली. जर्मनांनी कर्ज काढायचं म्हणजे मामला गंभीर आहे असं समजा.

आपली गोष्ट वेगळी, भारत अमेरिकेचा तहातला दोस्त नाहीच, त्यामुळे २०२५ मध्ये "जपानला १५ आणि आपल्याला ५० का" असले फॉरवर्ड बघून डोकं तापवण्यात अर्थ नव्हता. आपल्या बाबतीत आदेशाला जोडलेली सवलतीची यादी आधी उघडायची. त्या ५० मधून औषधं आणि स्मार्टफोन बाहेर होते, कपडे आणि कोळंबी आत. महाप्याच्या फार्मावाल्याचा घाबरून फोन आला तर मी पहिला एचएस कोड, म्हणजे मालाचा कस्टमचा वर्गीकरण नंबर, विचारतो, बाकीचं जग नंतर.