सांगलीत बसून एकट्यानं एक्सपरिमेंटल इलेक्ट्रॉनिक अल्बम कसा करायचा, नवीन पोरापोरींसाठी

सांगली-मिरजेकडची पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, लॅपटॉप कुठला घेऊ, आणि दुसरा, संगीत करायला एबलटन हेच सॉफ्टवेअर लागतं का. पहिल्याचं उत्तर घरात आहे तोच, दुसऱ्याचं उत्तर नाही. रीपर हे तसलंच सॉफ्टवेअर 60 दिवस फुकट वापरता येतं आणि नंतरचं लायसन्सही खिशाला झेपतं, सिंथ म्हणजे आवाज तयार करणारं वाद्य पाहिजे असेल तर व्हायटलचं फुकट व्हर्जन भरपूर झालं, कापाकापीला ऑडॅसिटी. हेडफोन मात्र बंद कपाचा बरा बघून घ्या, तिथं कंजुषी नको. झालं, सामानावर याच्यापुढं डोकं खपवू नका कारण खरी गोची वेगळीच आहे.

गोची अशी की लोकांना वाटतं एक्सपरिमेंटल म्हणजे काय वाट्टेल ते. डीजेचं गाणं करायचं असलं तर ठोका ठरलेला असतो, अभंगाला चाल असते, इथं कुणीच काही ठरवून देत नाही, त्यामुळं माणूस सहा-सहा महिने नुसते आवाज गोळा करत बसतो आणि हाताला काही लागत नाही. म्हणून नियम आपणच करायचे, कागदावर लिहायचे, आणि अल्बम संपेपर्यंत मोडायचे नाहीत. माझे तीन होते. सिंथ सोडून सगळे आवाज सांगली-मिरजेत मी स्वतः रेकॉर्ड केलेले, विकतचं सॅम्पल पॅक म्हणजे तयार आवाजांचा गठ्ठा एकही नाही. प्रत्येक ट्रॅकच्या बुडाशी एकच तानपुरा. आणि सगळं ट्यूनिंग त्या तानपुऱ्याच्या मागं, कीबोर्डच्या मागं नाही. तिसऱ्या नियमानं सगळ्यात जास्त घाम काढला आणि अल्बमला जे काही स्वतःचं आहे तेही त्यानंच दिलं, म्हणून त्याच्यावर जरा जास्त लिहितो.

मिरजेची सतारमेकर गल्ली तुम्हाला माहीतच असेल, इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली जीआय मानांकन मिळालं. मी तिथल्या एका काकांकडून जुना तानपुरा दुरुस्त करून घेतला आणि त्यांनी जवारी काढताना, म्हणजे घोडी घासून आवाज उघडताना, शेजारी बसून बघितलं, हे तुम्हीही करा, यूट्यूबवरच्या कुठल्याही साउंड डिझाइन कोर्सपेक्षा जास्त कळतं. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा किंचित गोलसर घासलेला असतो, तार हलताना त्याला घासत जाते, आणि खाली सरकवलेला दोरा योग्य जागी आला की एकदम सगळे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले बारीक स्वर, उघडतात. म्हणजे तार छेडल्यावर आवाज नुसता विझत जात नाही, विझता विझता त्याचा रंग बदलतो. आपण सिंथमध्ये फिल्टरला एन्व्हलप लावून, म्हणजे आवाजाचा रंग वेळेनुसार बदलत नेऊन, जे करायला जातो ते इथं लाकूड आणि दोऱ्यावर चाललेलं असतं.

आता ट्यूनिंगचं. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार नीट लागली की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, गवई लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो असतो पाचवा हार्मोनिक, षड्जापासून साधारण 386 सेंटवर, सेंट म्हणजे सप्तकाचे 1200 भाग केले तर त्यातला एक. कीबोर्डवरचा शुद्ध गंधार मात्र 400 सेंटवर बसवलेला असतो. फरक 14 सेंटचा, ऐकायला किरकोळ वाटतो, पण तानपुऱ्यावर सिंथचा लांब पॅड म्हणजे पसरट, टिकून राहणारा आवाज धरलात की दोन्ही गंधार एकमेकांवर घासतात आणि आवाज थरथरायला लागतो. नवीन माणूस मग ईक्यू लावून काही भाग कमीजास्त करतो, रिव्हर्ब म्हणजे घुमारा वाढवतो, काय उपयोग नाही. पॅडमधला गंधार 14 सेंट खाली घ्या, थरथर थांबते आणि सिंथ तानपुऱ्याच्या आत गेल्यासारखा वाटतो. किंवा उलटं करा, थरथरच पाहिजे असेल तर तो फरक मुद्दाम ठेवा आणि हळूहळू मिटवत न्या. माझा एक अख्खा ट्रॅक एवढ्यावरच उभा आहे, त्यात दुसरं काहीच घडत नाही.

आणि ही उठाठेव आपल्याकडं नवीन नाही बरं का. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये 22 श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर, इंग्रजीत पुस्तक काढलं होतं आणि श्रुतींच्या त्या कामात गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची त्यांना साथ होती. खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या नावानं संगीतसभा होते. रात्रभर बसून एकदा ऐकाच, रेकॉर्डर घरी ठेवून. सूक्ष्म स्वरांवर डोकं लावायचं म्हणजे बर्लिनच्या लोकांचंच काम असं ज्यांना वाटतं त्यांनी तर जरूर जावं.

ग्रॅन्युलर सिंथेसिस या तंत्राबद्दल पण सगळेच विचारतात. आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून ते परत एकमेकांवर पसरायचे, एवढंच ते. तुकडा साधारण 1 ते 100 मिलिसेकंदांचा असतो. पण तो किती ठेवायचा हे डोळे झाकून नॉब फिरवत शोधू नका, गणित करा. काळी एक या पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याचा षड्ज 138 हर्ट्झच्या आसपास, खर्ज त्याच्या निम्मा म्हणजे 69. 69 हर्ट्झची एक लाट पूर्ण व्हायला साडेचौदा मिलिसेकंद लागतात. तुम्ही तुकडा 10 मिलिसेकंदांचा केला तर खर्जाची एक लाटसुद्धा त्यात मावत नाही, मग स्वर जातो आणि नुसती खरखर उरते. 60-80 वर ठेवलात तर स्वर टिकतो. आता खरखर वाईट असं मी म्हणत नाही, 80 वरून 8 पर्यंत सावकाश उतरलात तर तानपुऱ्याची माती होताना ऐकू येते, पण का होतंय ते माहीत असलं की पाहिजे तेव्हा पाहिजे तिथं करता येतं.

बाहेरचं रेकॉर्डिंग. 1948 साली पॅरिसमध्ये पिएर शेफरनं रेल्वे इंजिनांचे आवाज रेकॉर्ड करून त्यांचीच रचना केली आणि तिथून हा सगळा प्रकार मार्गी लागला, मग आपल्याकडं तर मिरज जंक्शन आहे, जिथं एकेकाळी ब्रॉड, मीटर, नॅरो तिन्ही गेजच्या गाड्या यायच्या. पण गाडीचा आवाज सगळेच घेतात आणि तो ऐकला की गाडीच दिसते, म्हणून मला स्वतःला तो फारसा कामाला आला नाही. मार्केट यार्डातले हळदीचे सौदे मात्र सोनं आहेत, सौदा बोलणाऱ्याची लय, पोती आपटल्याचा दबका ठोका, काट्याचा लोखंडी आवाज. तिथं आधी विचारा, कशाला पाहिजे ते सांगा, आणि कुणाचा ओळखता येईल असा आवाज त्याला न सांगता वापरू नका. आयर्विन पुलाच्या रेलिंगला कॉन्टॅक्ट माइक, म्हणजे चिकटवून थेट कंप पकडणारा माइक, लावून बघा, वरून गाडी गेली की अख्खं रेलिंग गुणगुणतं. हा माइक विकत घ्यायची गरज नाही, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पिझो चकती मिळते, तिला वायर डकवायची की झालं. फक्त ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायच्या डब्यावर, गिटारसाठी जो हाय झेड इनपुट असतो त्यातच घाला, साध्या इनपुटात घातलीत तर खालचा सगळा आवाज गायब होतो आणि लोक म्हणतात पिझो भंगार असतो. मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज आपोआप कमीजास्त करणारं सेटिंग बंद करा, 48 किलोहर्ट्झ ठेवा, आणि लेव्हल लाल दिव्यापासून चांगली खाली.

मिक्सिंगबद्दल घरचा सल्ला एवढाच की पंखा बंद करून, पहाटे, हळू आवाजात. मोठ्या आवाजात सगळंच भारी वाटतं. फोनच्या स्पीकरवर 69 हर्ट्झ वाजतच नाही, तरी खर्ज ऐकू येतो कारण वरच्या हार्मोनिक्सवरून कान स्वतःच तो स्वर जुळवून घेतो, म्हणून खालचा बास ढकलत बसू नका, वरचे हार्मोनिक्स जपा. स्पॉटिफाय सगळं साधारण उणे 14 एलयूएफएसला आणतं (एलयूएफएस म्हणजे आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप), तेव्हा आवाज ठासून भरण्यात काही अर्थ नाही, या प्रकारच्या संगीतात तर नाहीच. शांत जागा शांत राहू द्या.

तयार ट्रॅक कुणाला ऐकवायचा? प्रोड्युसर मित्रांना शेवटी. मी तो तानपुरावाल्या काकांना ऐकवला. त्यांनी संगीताबद्दल चकार शब्द काढला नाही, दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "जोडाच्या दुसऱ्या तारंचा दोरा जरा पुढं हाय बघ." जोड म्हणजे षड्जाला लावलेल्या मधल्या दोन तारा. तोपर्यंत तो आवाज मी सॉफ्टवेअरच्या बारा हत्यारांतून काढला होता आणि तरी त्यांना तार ओळखू आली. तेव्हा मला कळलं की ट्रॅक झाला, आता हात लावायचा नाही.

पैशाचं सरळ सांगतो. 2024 पासून स्पॉटिफायवर एखाद्या ट्रॅकला मागच्या 12 महिन्यांत 1000 स्ट्रीम झाले नसतील तर त्याचे पैसेच मिळत नाहीत, आणि असल्या संगीताला 1000 म्हणजे लांबची गोष्ट. बँडकॅम्प ही संगीत थेट विकायची साइट डिजिटल विक्रीवर 15 टक्के घेते, वर पेमेंटचं शुल्क जातं आणि बाकीचं तुमचं, ऐकणारे थोडे पण विकत घेणारे असतील तर हेच परवडतं. नोकरी सोडून यात उडी मारा असं मी कुणालाही सांगणार नाही, मात्र याच कामातून नाटकाचं पार्श्वसंगीत, डॉक्युमेंटरीचा साउंड, म्युझियममधली इन्स्टॉलेशन अशी कामं येतात आणि ती मिळवायला पूर्ण झालेला अल्बम लागतो, अर्धवट पन्नास प्रोजेक्ट दाखवून कुणी काम देत नाही. सिनेमातली गाणी कापून वापरू नका, रेकॉर्डिंगवरचा हक्क आपल्याकडं 60 वर्षं असतो आणि डिस्ट्रिब्युटर, म्हणजे अल्बम स्ट्रीमिंगवर चढवणारी कंपनी, तो खाली खेचते.

फाइल्स दोन ठिकाणी ठेवा आणि त्यातली एक क्लाउडवर किंवा गावाबाहेर पाहुण्याकडं, 2019 चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना कारण सांगायला नको. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या नावात जागा आणि तारीख टाका, "न्यू रेकॉर्डिंग 47" असल्या नावांनी पुढं काही सापडत नाही. आणि क्रेडिटमध्ये वाद्य कुणी बनवलं, जवारी कुणी काढली तेही लिहा, त्यांना विचारून. काकांनी आधी नको म्हणून सांगितलं, मग दोन दिवसांनी फोन करून म्हणाले, टाक, पण नाव नीट टाक, पत्त्यासकट, गिऱ्हाईक आलं तर येऊ दे.