इतवारीच्या गादीवर सॉफ्टवेअर आणताय? या चुका टाळा

इतवारी, मस्कासाथ, गांधीबाग, कळमना. नागपूरच्या ठोक बाजारातल्या बहुतेक गाद्यांवर (व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर) आता संगणक आहे. शेजारी लाल वहीही आहे, आणि खरा हिशेब त्या वहीतच असतो. ‘सॉफ्टवेअर घेतलं, पण चाललं नाही’ असं जिथे ऐकू येतं, तिथला घोळ बहुधा संगणक यायच्या आधीचा असतो. मालाची नावं ठरलेली नसतात, मापं ठरलेली नसतात आणि शेवटचा शब्द कोणाचा हे तर कधीच ठरलेलं नसतं.

खाली किराणा, तेल आणि डाळीच्या ठोक दुकानाचं उदाहरण धरलं आहे. कापड किंवा हार्डवेअर असेल तर आकडे बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

पाडव्याचा मुहूर्त धरणं

लक्ष्मीपूजनाला वहीपूजन, म्हणून संगणकाचाही श्रीगणेशा दिवाळीच्या पाडव्याला. भावना ठीक आहे, पण त्या दिवशी गोदामात वर्षातला सर्वात जास्त माल असतो आणि मोजायला माणूस मोकळा नसतो. मग सुरुवातीचा साठा अंदाजाने टाकला जातो आणि पुढे काही जुळत नाही. शिवाय आर्थिक वर्षाचे सात महिने मागे पडलेले असतात आणि पार्ट्यांच्या बाक्या रोज हलत असतात.

1 एप्रिल सर्वात सोयीचा. 31 मार्चचा साठा सीएसाठी तसाही मोजावाच लागतो, बाक्या बंद झालेल्या असतात, बिलांचे क्रमांक नव्याने सुरू होतात. एप्रिल हुकला तर मंदीतल्या एखाद्या महिन्याची 1 तारीख धरा, कारण जीएसटीचा हिशेब महिन्याने होतो. आषाढ चांगला. पितृपक्षात बाजार थंड असतो, पण त्या पंधरवड्यात नवं काम सुरू करायला कोण तयार होतं? मालाची यादी साफ करणं मात्र ‘नवं काम’ नाही, ते तेव्हा उरकून घ्या.

वही आणि संगणक एकत्र चालवायचे ते एकच महिना. शेवटची तारीख गल्ल्यावर लिहून लावा. दोन-तीन महिने दोन्ही चालले की मुनीमजी आधी वहीत लिहितात आणि संगणकात ‘रात्री निवांत’ भरतात. मग तीन दिवसांची बिलं एका बैठकीत भरली जातात, आणि दुपारी चार वाजता पडद्यावर दिसणारा साठा परवाचा असतो.

पिपा म्हणजे नेमका किती?

सर्वात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे थोडं थांबू.

सोयाबीन तेलाचा पिपा दोन मापांत येतो: 15 किलो आणि 15 लिटर. सोया तेलाचा लिटर सुमारे 910 ग्रॅम भरतो. म्हणजे 15 लिटरच्या पिप्यात तेल जेमतेम 13.65 किलो असतं. दोन्ही ‘सोया टिन 15’ या एकाच नावाखाली चढवले, तर 100 पिप्यांमागे 135 किलो तेलाचा फरक हिशेबात लपतो. पिप्यांची संख्या मोजली तर बरोबर येते, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. फरक दिसतो तो नफ्यात: एका ब्रँडमध्ये अचानक तोटा, दुसऱ्यात न पटणारा फायदा. मग लोक दरावरून भांडत बसतात.

यादी अशी तयार करा. गेल्या बारा महिन्यांची खरेदीची बिलं काढा, विक्रीची नाही. विक्रीच्या बिलात प्रत्येकाने आपापल्या नावाने माल लिहिलेला असतो. नावाचा साचा एकच ठेवा: वस्तू, ब्रँड, माप, पॅकिंग. ‘सोया तेल, अमुक ब्रँड, 15 किलो, टिन’. त्याच तेलाला ग्राहक ‘पिपा’, ‘डबा’, ‘टिन’ काहीही म्हणो, ती पर्यायी नावं म्हणून जोडता येतात. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते.

मापाचं मूळ एकक आणि विक्रीचं एकक वेगळं लिहा. साखर 50 किलोच्या पोत्यात येते आणि किलोनेही सुटते, तर मूळ एकक किलो, दुसरं पोतं, आणि 1 पोतं = 50 किलो. पोतं हेच मूळ एकक ठेवलं की सव्वातीन पोती विकली जातात, आणि दशांश तीन स्थळांपर्यंत गेले की महिनाअखेरीला कोपऱ्यात पाव पोतं उरतं जे गोदामात कुठेच नसतं.

यादीत 600 नग (मालाचे प्रकार) असतील तर दोन माणसं रोज संध्याकाळी 60 नग तपासून दहा दिवसांत काम संपवतात. भाच्याला एका रविवारी बसवून हे उरकत नाही. त्याला संगणक येतो, पण कोणता पिपा लिटरचा हे गोदामातल्या हमालालाच ठाऊक असतं. त्याला शेजारी बसवा.

डाळीच्या दोन नोंदी, कराचे दोन दर

18 जुलै 2022 पासून पाकीटबंद, लेबल लावलेली डाळ 25 किलोपर्यंत असेल तर 5 टक्के जीएसटी लागतो. त्याहून मोठ्या पॅकिंगवर लागत नाही. बाजारात 26 आणि 30 किलोच्या गोण्या दिसू लागल्या त्या यामुळेच. म्हणजे तूरडाळ 30 किलो गोणी आणि तूरडाळ 1 किलो पाकीट हे दोन वेगळे नग, दोन वेगळे दर. ‘तूरडाळ’ अशी एकच नोंद असेल तर रोज कुठल्या तरी बिलात कर चुकतो.

दर बदलला की जुन्या दरावर नवा दर लिहून मोकळं होऊ नका. 22 सप्टेंबर 2025 ला आंघोळीचा साबण, टूथपेस्ट, बिस्किटं 18 वरून 5 टक्क्यांवर आली, तूप आणि सुका मेवा 12 वरून 5 वर. ज्यांनी दर सरळ पुसून बदलला, त्यांच्याकडे ऑगस्टमध्ये विकलेला साबण परत आला तेव्हा क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारी चिठ्ठी) 5 टक्क्यांनी निघाली. मूळ बिल 18 चं, म्हणून क्रेडिट नोटही 18 चीच हवी. नगाच्या नोंदीत ‘लागू तारीख’ हा रकाना असतो, तो वापरा.

ई-इन्व्हॉइस म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल. त्याबाबतही एक गैरसमज पक्का बसलेला आहे. 5 कोटींची मर्यादा (1 ऑगस्ट 2023 पासून) फक्त गेल्या वर्षाच्या विक्रीवर पाहायची नसते. 2017-18 पासून कोणत्याही एका वर्षी ती ओलांडली असेल तर नियम लागू होतो. आणि उलाढालीत करमुक्त मालही धरतात. गोणीची डाळ 4 कोटी आणि तेल दीड कोटी असेल, तर साडेपाच कोटी झाले.

शिवनीचा ट्रक

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल पाठवताना ई-वे बिल (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद) 1 लाखाच्या वर लागतं. राज्याबाहेर मात्र 50 हजारांच्या वर. वर्धा-भंडाऱ्याची सवय असलेला माणूस शिवनी किंवा छिंदवाड्याला 70 हजारांचा माल तसाच चढवतो. आपल्या नागपुरात ही चूक जास्त होते, कारण मध्य प्रदेशची हद्द इतकी जवळ की ते परराज्य वाटतच नाही.

दुसरी खोच: मर्यादा करासहित मोजतात. 48 हजारांचं तेल, वर 5 टक्के, झाले 50,400. ई-वे बिल लागलं. त्याच बिलात करमुक्त डाळ असेल तर तिची किंमत मात्र या बेरजेत धरायची नाही. पार्टी नोंदवताना जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याच्या रकान्याशी ताडून पाहा: 27 महाराष्ट्र, 23 मध्य प्रदेश, 22 छत्तीसगड.

इतवारीहून वाडीच्या ट्रान्सपोर्टपर्यंत माल नेताना ई-वे बिलातला गाडी क्रमांकाचा भाग ‘ब’ भरला नाही तरी चालतं, कारण राज्यातल्या राज्यात ट्रान्सपोर्टरपर्यंत 50 किलोमीटरची सूट आहे. पुढे ट्रान्सपोर्टरने तो भरलाच पाहिजे. मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. गाडी रस्त्यात बंद पडली तर मुदत संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंतच वाढवता येते. बिल चुकलं तर रद्द करायला 24 तास.

1 एप्रिल 2025 पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर सगळ्यांनाच ओटीपी लागतो. तो मालकाच्या मोबाइलवर जातो, मालक लग्नात, आणि ट्रक कळमन्यात उभा. पोर्टलवर उपवापरकर्ते तयार करता येतात. दोघांची नावं आणि मोबाइल आजच टाकून ठेवा. शेठजींचा फोन गादीवर ठेवून जाणं हा उपाय नव्हे. त्याच फोनवर बँकेचाही ओटीपी येतो.

साठा जुळत नाही, आता कुठे पाहायचं?

क्रम महत्त्वाचा. आधी तोच माल दोन नावांनी आहे का ते पाहा: एका नावात 40 जास्त, दुसऱ्यात 40 कमी. मग एकक. मग चलानावर गेलेला पण बिल न झालेला माल. मग परत आलेला माल, जो गोदामात ठेवला पण नोंदवला नाही. मग स्कीममध्ये आलेला फुकटचा माल, ‘दहावर एक’ वगैरे. चोरीचा संशय सर्वात शेवटी. तो आधी घेतला तर माणसं दुरावतात आणि चूक तशीच राहते.

साठा उणे दिसत असेल तर कारण बहुधा एकच असतं. ट्रक अकराला उतरला, माल बाराला विकला, खरेदीची नोंद रात्री झाली. मग इशारा सतत येतो म्हणून कोणीतरी तो बंदच करून टाकतं. गाडी उतरतानाच आवक चढवा. दर ठरला नसेल तर फक्त संख्या लिहा, दर नंतर भरता येतो. पंधरा दिवस इशारा चालू ठेवा, मग उणे साठ्यावर बिल निघणंच बंद करा. रोज दुकान बंद करताना कोणतेही दहा नग मोजायचे. वर्षातून एकदा सगळं मोजण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

मुनीमजींना शेवटी सांगणं

तीस वर्षं खतावणी सांभाळणाऱ्या माणसाला सॉफ्टवेअर आल्यावर कळलं, तर तो आडवा येत नाही, गप्प बसतो. ते जास्त महाग पडतं, कारण कोणती पार्टी शनिवारी पैसे देते आणि कोणाची उधारी कोणाच्या शब्दावर आहे हे त्याच्याच डोक्यात आहे. डेमोलाच त्यांना बसवा. उधारीची मर्यादा त्यांच्याकडून ठरवून घ्या.

अधिकार असे वाटा: बिल बनवणारा नवा नग किंवा नवी पार्टी उघडू शकणार नाही, तो अधिकार दोघांकडेच. झालेलं बिल पुसता येणार नाही, फक्त रद्द करता येईल. बदलांची नोंदवही (एडिट लॉग) चालू ठेवा. कंपन्यांना ती 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचीच आहे. आणि सगळ्यांचा एकच पासवर्ड, तोही पडद्याला चिकटवलेला, हे बंद. मालकाने आठवड्यातून एक तास स्वतः बसून रद्द झालेली बिलं, मर्यादेबाहेरची उधारी आणि उणे साठा एवढं तरी पाहावं. मालक जे पाहत नाही, ते दुकानात कोणी भरत नाही.

ऊन, तेल आणि बॅकअप

मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला संगणक दुपारी आपोआप बंद पडला तर आधी व्हायरस शोधू नका, पंख्यावरची धूळ झटका. थर्मल कागदावरचं बिल उष्णतेने काळवंडतं आणि तेलाचा हात लागला की उडतं. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपायच्या असतात. खरेदीची थर्मल बिलं आली त्याच दिवशी स्कॅन करा.

बॅकअप त्याच संगणकाच्या दुसऱ्या ड्राइव्हवर घेणं म्हणजे बॅकअप नसणंच. कायम लावून ठेवलेला पेन ड्राइव्हही रॅन्समवेअर (डेटा अडवून खंडणी मागणारा व्हायरस) कुलूपबंद करतं. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुकानाबाहेर. दोन पेन ड्राइव्ह आळीपाळीने, एक रोज घरी. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून रोकड शिल्लक आणि एका पार्टीची बाकी ताडून पाहा. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अद्यतनं 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, त्यामुळे जुन्या यंत्रावर बँकेचं काम नको. पैसे लुबाडले गेले तर आधी 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन), मग बाकीचे फोन.

यूपीआय आणि एआय, थोडक्यात

क्यूआर कोड मुलाच्या बचत खात्याचा नको, दुकानाच्या चालू खात्याचा हवा. स्क्रीनशॉट पाहून माल सोडू नका, साउंडबॉक्सवर ऐकून किंवा खात्यात पाहूनच सोडा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे गल्ल्यावरच्या प्रत्येकाला पाठ हवं.

बिलाचा फोटो काढला की नोंद आपोआप, असं सांगत एआयवाले गादीवर येऊ लागले आहेत. वेळ वाचतो, खोटं नाही. पण पार्ट्यांची यादी आणि उधारी कुठल्याही फुकट ॲपमध्ये टाकू नका. पहिला महिना फोटोवरून आलेली प्रत्येक नोंद माणसाने तपासायची: जीएसटी क्रमांक, एकूण रक्कम, आणि त्याआधी माप. पुरवठादाराच्या बिलावर नुसतं ‘50 टिन’ असेल, तर ते 15 लिटरचे की 15 किलोचे हे यंत्र विचारत नाही. एक निवडून पुढे जातं.