दुकानात सर्व्हिस डॉग आला, तर काय करावं?

अमेरिकेत आपल्यापैकी कुणाचं किराणा मालाचं दुकान आहे, कुणाचं रेस्टॉरंट, कुणाचं मोटेल. कुणी टॅक्सी चालवतं, कुणी गणेशोत्सवात दारावर स्वयंसेवक म्हणून उभं राहतं. कधी ना कधी या दारात एक माणूस कुत्र्यासोबत येतो आणि दारावरच्याच्या तोंडून पटकन ‘नो डॉग्ज’ निघून जातं. तो माणूस आंधळा असेल, त्याला फिट येत असेल, मधुमेह असेल. वाणसामान घ्यायला आलेल्या माणसाला चार लोकांसमोर दारात अडवणं हा अपमान आहे आणि अमेरिकेत तो कायद्याचा भंगही आहे. म्हणून गल्ल्यावर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच माहीत असायला हवं.

१. कायदा काय म्हणतो, तेवढं समजून घ्या

‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ हा फेडरल कायदा २६ जुलै १९९० रोजी झाला. सगळे त्याला एडीए म्हणतात. सर्व्हिस डॉग म्हणजे काय, याची आज चालणारी व्याख्या १५ मार्च २०११ पासून लागू आहे. अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी ठरावीक काम करायला शिकवलेला कुत्रा म्हणजे सर्व्हिस डॉग. जात कुठलीही चालते, आकार कुठलाही चालतो. अंगावर जाकीट असलंच पाहिजे, असंही नाही.

सगळा भर ‘काम शिकवलेला’ यावर आहे. अंध व्यक्तीला अडथळ्यांतून नेणं, कानाने ऐकू न येणाऱ्याला दारावरची घंटा वाजल्याचं कळवणं, रक्तातली साखर उतरली की पंजा मारून सावध करणं, व्हीलचेअरवरच्या माणसाची पडलेली किल्ली उचलून देणं, युद्धावरून परतलेल्या सैनिकाला भयानक स्वप्नातून जागं करणं ही सगळी कामं झाली. नुसतं जवळ बसून मनाला धीर देणारा कुत्रा एडीएखाली सर्व्हिस डॉग ठरत नाही. त्याला इमोशनल सपोर्ट ॲनिमल म्हणतात आणि दुकानदार त्याला नाही म्हणू शकतो.

२. दोनच प्रश्न विचारा

हार्नेस, म्हणजे अंगावर दांड्याचा पट्टा, घातलेला कुत्रा अंध व्यक्तीला घेऊन येताना स्पष्ट दिसत असेल, तर काहीच विचारू नका. ‘हॅलो, मे आय हेल्प यू?’ एवढंच म्हणा. कुत्रा कशासाठी आहे हे दिसून कळत नसेल, तरच दोन प्रश्न विचारता येतात. ते इंग्रजीत पाठ करून ठेवा, म्हणजे ऐन वेळी जीभ अडखळत नाही:

‘इज धिस अ सर्व्हिस डॉग रिक्वायर्ड बिकॉज ऑफ अ डिसॅबिलिटी?’

‘व्हॉट वर्क ऑर टास्क हॅज द डॉग बीन ट्रेन्ड टु परफॉर्म?’

पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला एखाद्या कामाचं नाव मिळालं, की विषय संपला. ‘फिट येणार असली की तो मला आधी सांगतो’ हे पूर्ण उत्तर आहे. ‘तो असला की मला बरं वाटतं’ एवढंच उत्तर आलं, तर तो सर्व्हिस डॉग नाही.

तुम्हाला काय आजार आहे, कार्ड दाखवा, सर्टिफिकेट दाखवा, कुत्र्याला ते काम आत्ता करून दाखवायला सांगा, यातलं काहीही विचारता येत नाही. कार्डाचा गैरसमज आपल्याकडे फार आहे. अमेरिकेत सर्व्हिस डॉगची फेडरल सरकारकडे नोंदणीच नाही. इंटरनेटवर पैसे भरून मिळणाऱ्या ओळखपत्रांना कायद्यात काडीची किंमत नाही. त्यामुळे ज्याच्याकडे कार्ड आहे तो खरा आणि ज्याच्याकडे नाही तो खोटा, असं धरून चाललात, तर नेमका उलटा अन्याय होण्याची शक्यता जास्त.

३. आत आल्यावर जागा कुठे द्यायची?

जिथे इतर गिऱ्हाईक जातं, तिथे कुत्राही जातो. बुफेच्या रांगेत जातो, मिठाईच्या काउंटरपाशी जातो. स्वयंपाकघरात जात नाही, कारण तिथे गिऱ्हाईकही जात नाही. ‘हेल्थ डिपार्टमेंट येईल’ ही भीती सोडून द्या, जेवणाच्या जागेत सर्व्हिस डॉगला मनाई करणारा स्थानिक नियम असला तरी एडीए त्याच्या वर आहे. कुत्र्याला खुर्चीवर बसवणं किंवा ताटातलं भरवणं मात्र तुम्ही चालवून घेतलं पाहिजे असं नाही.

त्या माणसाला कोपऱ्यातल्या टेबलावर ढकलू नका. शिकवलेला लॅब्राडोर टेबलाखाली पाय मुडपून असा पडून राहतो, की शेजारच्यांना ते बिल देऊन उठेपर्यंत पत्ताही लागत नाही. मोटेलवाल्यांनी पाळीव प्राण्याचं जादा भाडं किंवा डिपॉझिट सर्व्हिस डॉगसाठी लावायचं नाही. कुत्र्याने खरंच काही मोडलं आणि तशा नुकसानीचे पैसे तुम्ही सगळ्यांकडून घेत असाल, तर तेवढे मागता येतात.

दुसऱ्या गिऱ्हाइकाला ॲलर्जी आहे किंवा कुणाला भीती वाटते, हे नाकारण्याचं कारण होत नाही. दोघांना लांब-लांब बसवा.

आणि भीतीचं म्हणाल, तर ती खरी असते. भारतातून आलेल्या आपल्या आईबाबांनी आयुष्यभर गल्लीतली भटकी कुत्री पाहिलेली असतात. कुत्रं चावलं म्हणजे पोटात चौदा इंजेक्शनं, हे त्यांच्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलंय. कुत्रा दिसला की हात वर जातो आणि ‘हाड!’ निघतं. त्यांना हसू नका, रागावूही नका. दुकानात शिरण्याआधीच सांगा: ‘आई, इथे काही कुत्री नोकरीवर असतात. ती अंगावर येत नाहीत. तुम्ही आपल्या वाटेने चला, ती आपल्या वाटेने जातील.’

४. कुत्र्याशी बोलू नका, माणसाशी बोला

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या बहुतेक प्रेमापोटी होतात. छान कुत्रा दिसला की आपण ‘यू यू’ करतो, चुटकी वाजवतो, खिशातलं बिस्किट पुढे करतो. यातलं काहीच करायचं नाही. का, ते कळायला गाईड डॉग, म्हणजे अंध व्यक्तीला सांभाळून नेणारा कुत्रा, काम कसा करतो ते पाहावं लागतं.

पुष्कळांना वाटतं, की कुत्र्याला रस्ता पाठ असतो आणि तो मालकाला दुकानात नेऊन सोडतो. तसं नाही. रस्ता माणसाला माहीत असतो. किती चौक ओलांडायचे, कुठे वळायचं, हे माणूस ठरवतो आणि ‘फॉरवर्ड’, ‘लेफ्ट’, ‘राइट’ असा हुकूम देतो. कुत्रा वाटेतले खांब, खड्डे, उघडी दारं चुकवतो आणि फुटपाथची कड किंवा पायरी आली की थांबतो. तो सिग्नलचा रंग बघून चालत नाही. रहदारीच्या आवाजावरून कधी निघायचं हे माणूस ओळखतो. पण हुकूम मिळाला आणि तेवढ्यात गाडी वळून आली, तर कुत्रा हुकूम मोडून जागच्या जागी उभा राहतो. हे त्याला मुद्दाम शिकवलेलं असतं. त्याच्या पाठीवरच्या हार्नेसचा दांडा कडक असतो. कुत्रा थांबला, वळला, दबकला, तर ते दांड्यातून थेट माणसाच्या डाव्या हाताला कळतं.

आता अशा वेळी तुम्ही ‘यू यू’ केलंत आणि त्याने मान वळवली, तर पुढची पायरी चुकते. पडतो तो माणूस.

म्हणून बोलायचं ते माणसाशी, त्याच्या तोंडाकडे बघून. कुत्र्याचं नाव विचारू नका. कळलं, तर हाक मारू नका. मुलांना घरीच शिकवा: हार्नेस किंवा जाकीट घातलेला कुत्रा म्हणजे कामावर, हात लावायचा नाही. आपला कुत्रा सोबत असेल, तर लांबून न्या. फारच हौस असेल आणि कुत्रा कामावर नसेल, तर मालकाला विचारा. ‘नको’ म्हणाला, तर वाईट वाटून घेऊ नका.

न्यू जर्सीतल्या मराठी मुलांना हे समजावणं सोपं आहे. ‘द सीइंग आय’ ही अमेरिकेतली सगळ्यात जुनी गाईड डॉग संस्था मॉरिसटाऊनला आहे आणि तिचे प्रशिक्षक त्या गावाच्या फुटपाथवर कुत्र्यांना चालवताना दिसतात. १९२८ साली मॉरिस फ्रँक या अंध तरुणाने बडी नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्रीसोबत न्यूयॉर्कमधला गजबजलेला रस्ता पत्रकारांसमोर ओलांडून दाखवला आणि १९२९ मध्ये ही संस्था उभी राहिली. पहिल्या कुत्र्यासाठी अंध व्यक्तीकडून घेतले जाणारे दीडशे डॉलर अनेक दशकांत वाढवलेले नाहीत. पिल्लं सात-आठ आठवड्यांची झाली की स्वयंसेवक कुटुंबांकडे वाढायला जातात. शाळकरी मुलं असलेल्या घरांनी याचा जरूर विचार करावा.

५. मदत विचारून करा

दंड पकडून ओढू नका, हार्नेसला तर हातच लावू नका. ‘मदत हवी आहे का?’ असं विचारा. हवी असेल, तर ती व्यक्ती बहुधा उजव्या हाताने तुमचं कोपर धरेल, कारण डावीकडे कुत्रा असतो. तुम्ही अर्धं पाऊल पुढे चालायचं. ‘इकडे’, ‘तिकडे’ या शब्दांचा तिला उपयोग नाही. ‘खुर्ची तुमच्या उजव्या हाताला आहे’ असं सांगा.

पैसे परत देताना नोटा एकेक करून सांगा: ‘ही वीसची, ही पाचची, या दोन एकच्या.’ अमेरिकेतल्या सगळ्या नोटा एकाच आकाराच्या असतात, त्यामुळे नुसत्या हाताने एकची आणि शंभरची वेगळी ओळखता येत नाही.

थाळी वाढली, तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगा. ‘सहा वाजता भात आहे, तीन वाजता भाजी, एक वाजता आमटीची वाटी, ती फार गरम आहे, नऊ वाजता कोशिंबीर, दहा वाजता चटणी, ती तिखट आहे.’ अमेरिकन पाहुण्याला वाटीत काय बुडवून खायचं हे ठाऊक नसतं, तेही एका वाक्यात सांगा. मग बाजूला व्हा आणि त्याला जेवू द्या.

६. कुत्रा खरंच त्रास देत असेल, तर

कुत्रा पट्ट्याने किंवा हार्नेसने बांधलेला असला पाहिजे. अपंगत्वामुळे ते जमत नसेल किंवा त्याने कामात अडथळा येत असेल, तर तो आवाजावर किंवा खुणेवर ताब्यात असला पाहिजे. कुत्रा अनावर झाला आणि मालक आवरत नसेल किंवा कुत्र्याने आत घाण केली, तर त्याला बाहेर न्यायला सांगता येतं. एकदा भुंकला म्हणजे अनावर झाला असं नाही. आणि बाहेर काढायचा तो कुत्रा. माणसाला कुत्र्याशिवाय आत येऊन खरेदी करायची असेल, तर ती संधी द्यायलाच हवी.

७. टॅक्सी, घर, विमान

टॅक्सीवाल्याने सर्व्हिस डॉगमुळे भाडं नाकारायचं नाही, केस पडतील म्हणून सफाईचे जादा पैसेही लावायचे नाहीत. घर भाड्याने देण्याला फेअर हाउसिंग ॲक्ट लागतो आणि तो जास्त व्यापक आहे. त्यात इमोशनल सपोर्ट ॲनिमलही येतो, मात्र अपंगत्व दिसत नसेल, तर घरमालक डॉक्टरांसारख्या जाणकाराचं पत्र मागू शकतो. विमानाचे नियम २०२१ च्या जानेवारीपासून बदलले. सर्व्हिस डॉगसाठी एअरलाइन ठरावीक सरकारी फॉर्म मागू शकते आणि इमोशनल सपोर्ट ॲनिमलला ती साधा पाळीव प्राणी धरू शकते.

८. मंदिर आणि मंडळ

मंदिर, चर्च, मशीद यांना एडीएच्या दुकानं-हॉटेलांना लागू असलेल्या भागातून सूट आहे. पण शाळेचं सभागृह किंवा हॉटेलचा हॉल भाड्याने घेतलात, तर त्या जागेच्या मालकाची जबाबदारी सुटत नाही. शिवाय सूट आहे म्हणून नाकारलंच पाहिजे, असं कुणी सांगितलं? ज्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री बसलेली असतात, तिच्यासमोर अंध भक्ताचा कुत्रा आला तर विटाळ कसला? मंदिराच्या विश्वस्तांनी हा निर्णय बैठकीत आधीच घ्यावा, दारावरच्या कॉलेजच्या पोरावर सोडू नये.

कार्यक्रम ठरवताना तीन गोष्टी बघा. दारातला चपलांचा ढीग हलवून चालायला सरळ वाट ठेवा. त्या व्यक्तीला रांगेच्या कडेची, कुत्र्याला पाय पसरता येतील अशी जागा द्या आणि ती ढोल-ताशांपासून लांब असू द्या, कारण त्या आवाजात अंध माणसाला आजूबाजूचं काही ऐकू येत नाही. रांगोळी वाटेत नको, भिंतीलगत काढा.

९. सगळ्यांना शिकवा, आणि अन्याय दिसला तर

मालकाला नियम माहीत असून भागत नाही, शनिवारी संध्याकाळी गल्ल्यावर नवा मुलगा असतो. वरचे दोन प्रश्न छापून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी त्याच्याकडून ते मोठ्याने म्हणून घ्या. शंका आली, तर न्याय खात्याच्या एडीए माहिती क्रमांकावर, ८००-५१४-०३०१ वर, फुकट विचारता येतं. दुकानदारही विचारू शकतो.

दुसऱ्याच्या दुकानात कुणाला अडवलेलं दिसलं, तर त्या व्यक्तीच्या वतीने भांडायला धावू नका. जवळ जाऊन विचारा, ‘मी काही करू शकतो का?’ कधीकधी मॅनेजरला बोलावून आणलं की काम होतं. नाहीच झालं, तर दुकानाचा पत्ता, तारीख, वेळ आणि कोण काय म्हणालं ते तिथेच लिहून ठेवा आणि साक्षीदार म्हणून आपलं नाव आणि फोन त्या व्यक्तीला द्या. न्यू जर्सीत राज्याच्या डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते. ती करायची की नाही, हे ज्याला अडवलं त्यालाच ठरवू द्या.